गुंता खाली, दोष वर

आमच्या घरामागच्या चाळीत राहणाऱ्या एक मावशी गोधड्या शिवून देतात. लोक जुनी लुगडी, धोतरे, चादरी आणून देतात. मावशी त्यांचे थर लावतात, कच्चे टाके घालतात आणि मग पायमशीनवर दोन-दोन बोटांच्या अंतराने टिपा मारतात. हाताने धावदोरा घालून एक गोधडी शिवायला त्यांना पंधरवडा लागतो, मशीनवर दोन दिवस. त्यांचे घर या दोन दिवसांच्या हिशोबावर चालते.

एका पावसाळ्यात, रविवारी सकाळी, त्या आमच्याकडे आल्या. "तुम्ही प्रयोगशाळेत काम करता, जरा मशीन बघता का?" आम्ही गेलो. दुपट्यावरची टीप वरून बरी दिसत होती. उलटून पाहिले तर खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंतवळ लोंबत होते. मंगळवारी एका घरी बारसे होते, तिथे तीन दुपटी द्यायची होती. पैसे आगाऊ घेतलेले होते आणि खर्चही झाले होते.

आम्ही अर्थातच खाली पाहिले. गुंता खाली आहे, तेव्हा बिघाड खालच्या बॉबिनमध्येच असणार, असा सरळ तर्क केला. बॉबिन केस बाहेर काढली, तिच्या पत्तीवरचा बारीक स्क्रू आवळला, टीप मारून पाहिली. फरक नाही. आणखी आवळला. मग सैल केला. चौथ्या की पाचव्या खेपेला तो तिळाएवढा स्क्रू निसटून फरशीच्या फटीत गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. मावशींना नवी बॉबिन केस आणावी लागली, कारागीर मिळाला तो मंगळवारी, आणि दुपटी बारशाला पोचली नाहीत. त्या घरच्यांनी पैसे परत मागितले. कारागिराने नवी केस बसवली, तरीही गुंता झालाच. मग त्याने कापड दाबून धरणारा फूट वर उचलला, वरचा दोरा पूर्ण काढला, पुन्हा ओवला आणि टीप मारली. टीप स्वच्छ! या शेवटच्या कामाला अर्धे मिनिट लागले असेल.

म्हणजे बॉबिन केसला हात लावण्याचे मुळात कारणच नव्हते. आमच्या 'मदती'ची किंमत मावशींनी मोजली. त्यानंतर बरेच दिवस आम्ही तेच मशीन उघडून, हातचाक सावकाश फिरवत, टाका कसा पडतो ते पाहत बसलो. ज्यांच्या शाळेत शिवणाचे यंत्र आहे किंवा ज्यांच्या घरी आजीच्या काळचे एखादे मशीन धूळ खात पडले आहे, त्यांनी तसेच पाहत बसावे. घर्षण, ताण, स्थितिस्थापकता हे सारे धडे त्यात आहेत.

सुई न सोडता शिवणे

हाताने शिवताना सुई कापडाच्या आरपार जाते, आपण ती पलीकडून धरतो, ओढतो आणि पुन्हा टोचतो. यंत्राला हे जमत नाही. यंत्राची सुई एका दांड्यात घट्ट बसवलेली असते, ती जिकडून गेली तिकडूनच परत वर येणार. मग दोरा खाली अडकून राहावा कसा? याचे उत्तर शोधायला माणसाला बराच काळ लागला. उत्तराचे दोन भाग होते. एक, सुईचे नेढे मागच्या टोकाला न ठेवता अणीजवळ आणायचे. दोन, खाली दुसरा दोरा ठेवायचा आणि वरच्या दोऱ्याचा फास या दुसऱ्या दोऱ्याभोवती अडकवायचा. न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट याने १८३४ च्या सुमारास असे यंत्र केले, पण त्याचे एकस्व घेतले नाही. इलायस हाउ याने १८४६ साली घेतले. पुढे ॲलन विल्सनने १८५१ साली गोल फिरणारा आकडा आणि १८५४ साली कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांची रचना आणली. दर टाक्याला दाते वर येतात, मागे सरकतात, खाली जातात, पुन्हा पुढे येतात. आजचे मशीन बहुतांशी तेच आहे.

आता मशीनच्या तळाची सरकती पट्टी उघडा, वर लाल आणि खाली पांढरा दोरा घाला आणि हातचाक अगदी हळू फिरवा. हातात भिंग असेल तर उत्तम. सुई खाली जाते तेव्हा विशेष काही घडत नाही. दोरा तिच्या दोन्ही बाजूंना चिकटून खाली जातो. खरी गोष्ट घडते ती सुई सर्वांत खालच्या बिंदूवरून वर निघते तेव्हा. ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर येते आणि एका बाजूला दोऱ्याचा छोटासा फुगा तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोकदार नाक सुईला जवळजवळ घासत येते आणि त्या फुग्यात शिरते. नाक आणि सुई यांच्यात अंतर असते ते केसाच्या जाडीइतके.

फुगा एकाच बाजूला का होतो? यासाठी सुई नीट पाहावी लागेल. तिच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर थोडासा भाग खरवडल्यासारखा असतो. लांब खाचेतला दोरा कापडाला न घासता वरखाली होऊ शकतो, म्हणून सुई वर निघाली की तो सहज तिच्याबरोबर वर जातो. दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याला खाच नाही; तो सुई आणि कापड यांच्यात चेपला जातो. सुई वर निघते, पण कापडाने धरल्यामुळे दोरा वर जाऊ शकत नाही, आणि खालचा जास्तीचा दोरा बाहेर फुगतो. म्हणजे फास सुई करते खरी, पण कापडाच्या घर्षणाशिवाय तो होणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

शटल तो फास पकडून, ओढून मोठा करून बॉबिन केसवरून पलीकडे नेते. फास बॉबिनला वळसा घालून निसटतो, तोवर खालचा दोरा त्यात अडकलेला असतो. मग मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारा दोरा ओढणारा हात झटक्याने वर जातो आणि सैल झालेला सगळा दोरा परत वर खेचतो. अडकलेली गाठ कापडाच्या थरांच्या मधोमध येऊन बसते. झाला एक टाका.

येथे एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. बॉबिन केसवरून फास निघायला अंदाजे ७ सेंटिमीटर दोरा लागतो. पण साध्या कापडावर अडीच मिलिमीटरच्या टाक्यात खरोखर खर्च होतो तो जेमतेम ३ मिलिमीटर. उरलेला परत वर येतो. म्हणजेच दोऱ्याचा प्रत्येक बिंदू टाक्यात कायमचा बसण्याआधी नेढ्यातून वीस-बावीस वेळा खालीवर ये-जा करतो. गोधडी जाड, तिथे एका टाक्याला सहा-साडेसहा मिलिमीटर दोरा जातो, तरी दहा-अकरा फेऱ्या होतातच. पावसाळ्यात नेढ्याला आलेला गंजाचा नुसता ठिपकाही दोरा पिंजून का काढतो, ते यावरून कळेल. दोरा 'कच्चा आहे' म्हणून दुकानदाराला बोल लावण्यापूर्वी सुई बदलून पाहावी.

कोणाचे कोण ओढते?

आता मावशींच्या दुपट्याकडे परत येऊ. दोरा ओढणारा हात वर जातो तेव्हा त्याच्या भोकातून गेलेल्या दोऱ्याला दोन टोके असतात असे समजा. एक टोक रिळाकडे जाते, वाटेत ताण देणाऱ्या दोन चकत्यांमधून. दुसरे टोक सुईच्या नेढ्यातून खाली फासाकडे जाते. हात दोन्हींना ओढतो. सुटून येतो कोणता? ज्याचा विरोध कमी, तो. चकत्या दोरा घट्ट धरून असतील तर रिळाकडचा दोरा येत नाही, खालचा फास वर ओढला जातो आणि टाका आवळतो. पण दोरा चकत्यांच्या मधे नसून नुसताच बाजूने गेलेला असेल, तर रिळाकडून दोरा भराभर सुटतो. हाताची सारी ओढ त्यातच संपते आणि खालचा फास खालीच राहतो. पुढच्या टाक्याला दुसरा, मग तिसरा. पाच-सहा फासांचे झाले गुंतवळ.

म्हणूनच कापडाखाली फास लोंबत असतील तर बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. खालचा दोरा बिचारा सरळ असतो. आम्ही ज्या बॉबिनला छळत होतो तिचा काही संबंध नव्हता.

आणि दोरा चकत्यांबाहेर गेला कसा? फूट खाली असताना चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. फूट उचलला की त्या सैल होतात. मावशींनी रीळ बदलले तेव्हा फूट खालीच होता. दोरा मिटलेल्या चकत्यांच्या मधे शिरला नाही, कडेवर बसला. डोळ्यांना तो ओवलेला दिसतो. तपासायची रीत सोपी आहे: फूट खाली ठेवून सुईजवळचा दोरा हाताने ओढावा, जड लागला पाहिजे, फूट वर करून ओढावा, हलका लागला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच हलका लागला तर ओवणे चुकले.

वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालण्याचा फायदा इथेही आहे. गाठ कापडाच्या पोटात बसली तर वर फक्त लाल दिसतो, खाली फक्त पांढरा. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी. खाली लाल ठिपके दिसले तर उलट. खालचा ताण ठीक आहे की नाही हे ठरवायला बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवतात. नुसती सोडली तर ती स्थिर राहावी. हलका झटका दिला तर दोन-तीन बोटे खाली यावी आणि थांबावी. सरसर खाली गेली तर सैल. मात्र स्क्रूला हात लावण्यापूर्वी पत्तीखालून व्हिजिटिंग कार्डाची कड एकदा फिरवावी. पुष्कळदा तिथे कापसाचा एक तंतू अडकलेला असतो, तो पत्ती उचलून धरतो आणि ताण घालवतो. तो निघाला की स्क्रू फिरवायची गरज राहत नाही. फिरवावाच लागला तर आधी त्याच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेवावी आणि एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतकाच फिरवावा. आणि हो, खाली एक पांढरे फडके पसरावे.

टाका सुटतो तेव्हा

गुंत्यानंतरची दुसरी तक्रार म्हणजे टाके सुटणे. चार टाके नीट पडतात, मग एक लांबलचक उडी. टाका सुटला याचा अर्थ शटलच्या नाकाला त्या वेळी फास सापडला नाही. फास झालाच नाही, की झाला पण भलत्या जागी झाला, इतकेच आपल्याला ठरवायचे आहे.

सुई उलटी बसली असेल तर फुगा शटलच्या विरुद्ध बाजूला होतो, आणि एकही टाका पडत नाही. घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याची चपटी बाजू शटलच्या नाकाकडे यावी आणि लांब खाचेच्या बाजूने दोरा ओवावा. सुई वरपर्यंत न बसवता एखादा मिलिमीटर खाली राहिली तर नाक आणि नेढे यांची गाठ चुकते. सुई वाकली असेल तरी तेच. वाकलेली सुई ओळखायला तिची चपटी बाजू काचेवर टेकवून उजेडाकडे धरावी. सुई आणि काच यांच्यामधली फट अणीपर्यंत सारखी दिसली पाहिजे.

गोधडीचे म्हणून खास कारण वेगळेच आहे. मघाशी म्हटले तसे, फास होण्यासाठी सुई वर येत असताना कापड जागच्या जागी राहायला हवे. गोधडीचे थर फुगीर असतात. कच्चे टाके नीट घातले नसतील किंवा फुटाचा दाब कमी असेल तर सुई वर निघताना सगळे थर तिला चिकटून तिच्याबरोबर वर येतात. सुई आणि कापड यांच्यात सापेक्ष हालचाल नाही म्हणून चेपलेल्या दोऱ्याला फुगायला कारणच उरत नाही. उपाय म्हणजे फुटाचा दाब वाढवणे आणि थर आधी हाताने नीट टाचून घेणे. मावशींच्या कच्च्या टाक्यांना आम्ही केवळ सोय समजत होतो. प्रत्यक्षात फास पडतो तो त्यांच्याच जोरावर.

शिवाय सुई जाड हवी. सुईवरचे आकडे मजेदार आहेत. १४/९०, १६/१००, १८/११० असे जे लिहिलेले असते त्यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शतांशात. ९० ची सुई ०.९ मिलिमीटर, ११० ची १.१ मिलिमीटर. फरक दिसायला थोडा. पण सळईचे वाकणे तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. १.१ ला ०.९ ने भागून चौथा घात काढला तर सव्वादोनच्या आसपास उत्तर येते. म्हणजे तेवढ्याच जोराने १८ नंबरची सुई १४ नंबरच्या निम्म्याहूनही कमी वाकेल. सुईला खाचा असल्यामुळे हा हिशोब तंतोतंत नाही, पण दिशा बरोबर आहे. शटलच्या नाकापासून केसभर अंतराने जाणारी सुई गोधडीत शिरताना किंचित जरी बाजूला वाकली तरी फास हुकतो.

लांब हाताची मशीन

सुई वाकण्याचा हा खेळ फार स्पष्ट दिसतो तो अमेरिकेतल्या लाँगआर्म मशीनवर. तिकडे गोधडीला क्विल्ट म्हणतात. वर नक्षीदार जोडकाम, मधे कापसाचा किंवा कृत्रिम तंतूंचा थर, खाली अस्तर. केंटकी राज्यातल्या पडुका या गावी १९९१ सालापासून क्विल्टचे संग्रहालयच आहे. पलंगाएवढी क्विल्ट साध्या मशीनच्या बगलेतून सरकवणे म्हणजे कसरत. म्हणून लाँगआर्ममध्ये उलटे केले आहे. क्विल्ट दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर रुळांना गुंडाळून स्थिर ठेवायची आणि मशीनच चाकांवर, लोहमार्गासारख्या पट्ट्यांवरून मागेपुढे व आडवे फिरवायचे. दोन मुठी धरून शिवणारी व्यक्ती मशीनने जणू चित्र काढते. मशीनचा हात दीड ते अडीच फूट लांब असतो, त्यावरून नाव पडले. कापड सरकवणारे दाते नाहीत. टाका मात्र तोच, वरचा फास आणि खालचा दोरा.

कामानिमित्त तिकडे असताना एका क्विल्टच्या दुकानात अशा मशीनपाशी आम्हाला काही वेळ उभे राहता आले. तक्रार अशी होती की डावीकडून उजवीकडे जाताना टीप सुंदर पडते आणि उजवीकडून डावीकडे येताना टाके सुटतात. मावशींच्या मशीनने आम्हाला जे शिकवले होते ते इथे कामी आले. जो दोष दिशेवर अवलंबून आहे, त्याचे कारणही दिशेवर अवलंबून असले पाहिजे. दोऱ्याचा कच्चेपणा, तेल, बॉबिनचा ताण यांना दिशा नाही. दिशा कशाला आहे? मशीन चालत असताना सुई क्विल्टमध्ये रुतलेली असते, आणि मशीन सरकले की क्विल्ट तिला मागे खेचून वाकवते. एका दिशेला जाताना ती शटलच्या नाकाकडे वाकते, दुसऱ्या दिशेला नाकापासून दूर. दूर गेली की फास हुकला.

त्यावर उपायही स्वस्तापासून महागाकडे असेच आहेत. आधी मशीन जरा हळू हलवून पाहायचे. मग रुळांवरची क्विल्ट सैल करायची. नवशिके ती ढोलकीसारखी ताणतात, त्यामुळे सुई अधिक वाकते. खालून बोट लावले तर वरून त्याचा उंचवटा दिसेल इतपत ती सैल हवी. मग १६ च्या जागी १८ नंबरची सुई. त्या दुकानात एवढ्यावर काम भागले. न भागते तर सुई आणि आकडा यांची वेळ जुळवणे, म्हणजेच टायमिंग, हे शेवटचे.

असाच दुसरा धागा म्हणजे दोषाची पुनरावृत्ती. लाँगआर्मवर टाके लहानमोठे पडू लागले तर दोन वाईट जागांमधले अंतर मोजावे. ते दर खेपेस सारखे, समजा साडेबारा सेंटिमीटर, आले तर त्याला ३.१४ ने भागावे: ४ सेंटिमीटर. आता मशीनखाली ४ सेंटिमीटर व्यासाचे काय फिरते ते शोधायचे. बहुधा एखादे चाक, आणि त्यावर गुंडाळलेला दोऱ्याचा तुकडा. नव्या मशीनवर मशीनचा वेग मोजून टाक्याची लांबी सारखी ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सोय असते. तिचे मोजणारे चाक घसरले किंवा मळले तरी टाके असेच बिघडतात. अशा वेळी सगळे रुळ आणि चाके सुक्या फडक्याने पुसून काढणे हा पहिला इलाज, इलेक्ट्रॉनिक भाग बदलणे हा नव्हे.

वरचा ताण वाढवण्याची एक युक्तीही त्या मशीनवर पाहिली. दोरा चकत्यांकडे जाण्यापूर्वी तीन भोकांच्या पट्टीतून जातो. ताण कमी पडला तर तो भोकांमधून एक वेढा जास्त घ्यायचा, एवढेच. विहिरीवर बादली सोडताना दोर लाकडाला वेढा देऊन धरला की हलका लागतो, तेच तत्त्व. दर वेढ्याला ताण ठरावीक पटीने वाढतो. घर्षणांक ०.२ धरला तर अर्ध्या वेढ्याला जवळजवळ १.९ पट आणि पूर्ण वेढ्याला साडेतीन पट. वरच्या वर्गातल्या मुलांना घातांकी फल शिकवताना हा दाखला वापरता येईल. तराजूचा काटा आणि पेन्सिलीला गुंडाळलेला दोरा एवढ्यावर प्रयोग होतो.

तेल कोणते?

लाँगआर्म मिनिटाला दीड-दोन हजार टाके सहज मारते, म्हणून तिथे जवळजवळ दर बॉबिनला आकड्याच्या कडेवर तेलाचा एक थेंब सोडतात. पायमशीनची गती त्या मानाने कितीतरी कमी. रोज काम असेल तर आठवड्याला तेल पुरे. पण त्याआधी सफाई. दाते आणि शटल यांच्यामध्ये कापसाचा मऊ वाखा साचतो, तेल पिऊन त्याचा नमदा होतो, आणि मग शटल जड चालते. ब्रशने तो बाहेर काढावा. तोंडाने फुंकर मारू नये. त्याने वाखा आणखी आत जातो, आणि श्वासातली वाफ लोखंडावर बसते ती वेगळीच.

मावशींच्या मशीनमध्ये पूर्वी कोणीतरी करडईचे तेल घातले होते. घरात तेच होते, घातले. करडईच्या तेलातली असंपृक्त मेदाम्ले हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांशी जोडली जातात आणि तेलाचा चिकट, मग कडक थर होतो. याच गुणामुळे ते तेल रंगांत आणि व्हार्निशात वापरतात. मशीनच्या सांध्यात मात्र ते व्हार्निशच होऊन बसते. शेंगदाण्याचे तेल त्या मानाने सौम्य, तरी तोच प्रकार. खोबरेल तेलाने असा थर सहसा धरत नाही, कारण त्यात असंपृक्त मेदाम्ले फार थोडी. पण २४-२५ अंश सेल्सियसखाली ते गोठते, आणि थंडीतल्या सकाळी मशीन हलता हलत नाही. मशीनचे तेल खनिज असते, त्यात असे दुहेरी बंध जवळपास नसतात, म्हणून ते वर्षानुवर्षे पातळ राहते.

व्हार्निश झालेला सांधा सोडवायला थोडे रॉकेल घालून मशीन दोरा न ओवता चालवावे, काळे पाणी फडक्याने टिपावे, पुन्हा तेच करावे. स्टोव्ह किंवा देवापुढचा दिवा जवळ नसावा हे वेगळे सांगायला नको. रॉकेल पूर्ण उडून गेल्यावर प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. पावसाळ्यात चामड्याची वादी सैल पडून चाकावर घसरत असेल तर ती बोटभर कापून पुन्हा जोडावी. गती कमी झाली म्हणून आधी तेलाची बाटली उलटी करू नये.

मावशींकडे आता मशीनच्या पेटीत एक वही आहे. टीप बिघडली की त्या चिंधीवर वीतभर टीप मारून तिचा तुकडा वहीत टाचतात आणि काय केले ते खाली लिहितात: 'दोरा पुन्हा ओवला', 'सुई बदलली'. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर तुकडा टाचायचा, हा नियम आम्ही सांगितला; वहीची कल्पना त्यांची. टायमिंगच्या स्क्रूपर्यंत त्या वहीत अजून एकदाही कोणी पोचलेले नाही. त्या स्क्रूला आम्हीही हात लावत नाही, तो कारागिराचाच मान.

तेल घातल्यानंतर त्या लगेच गोधडीला हात घालत नाहीत. पांढऱ्या चिंधीवर टीप मारत राहतात, चिंधी उजेडात धरून पाहतात, आणि तेलाचा डाग उठेनासा झाला की मगच गिऱ्हाईकाचे लुगडे फुटाखाली घेतात.